आईच्या रक्तात गेलेलं बाळाचं रक्त: बाळाचं पुढे काय, हे कधी आणि किती सांगता येतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पहिलटकरीण, ३७ आठवडे पूर्ण, दोन-तीन दिवस बाळाची हालचाल मंदावली म्हणून आली. सीटीजीवर, म्हणजे बाळाच्या हृदयठोक्यांच्या आलेखावर, सायनुसॉइडल (एकसारख्या लाटेचा) ट्रेस दिसला, तातडीनं सिझर झालं. बाळ २.८ किलोचं, पांढरंफटक, पण रडलं. पहिलं हिमोग्लोबिन ६.८ ग्रॅम. आई आणि बाळ दोघांचाही रक्तगट बी पॉझिटिव्ह. आईच्या रक्ताची क्लायहाउअर तपासणी (तिच्या रक्तातल्या बाळाच्या पेशी मोजणारी) केली तर ५ टक्के पेशी गर्भाच्या निघाल्या. बाळाला रक्त चढवलं, ते एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) आहे. आईवडील विचारताहेत, ‘आमचं बाळ पुढे नीट होईल ना?’ आणि तुम्हाला हवं आहे ते असं की त्या ५ टक्क्यांवरून, त्या मिलीलीटरच्या आकड्यावरून काही ठाम सांगता येईल का.

नुसत्या त्या आकड्यावरून नाही येत. रक्त किती गेलं यापेक्षा ते किती काळात गेलं आणि जाताना मेंदूचा रक्तपुरवठा टिकला का, यावर बाळाचं पुढचं आयुष्य ठरतं. आकडा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो, तेही अंदाजे. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बाळाकडूनच मिळतं आणि ते एका दिवसात मिळत नाही. पण आधी आकडा नीट वाचू, कारण तुमच्या बाळाच्या बाबतीत तो बरंच काही बोलतो आहे.

आईच्या शरीरात साधारण ५ लीटर रक्त धरलं, तर ५ टक्के म्हणजे २५० मिलीलीटर गर्भाचं रक्त. गर्भ आणि वार मिळून रक्ताचं प्रमाण किलोमागे सुमारे ११० मिलीलीटर धरा. २.८ किलोच्या बाळाचं झालं ३०८ मिलीलीटर. म्हणजे बाळाच्या एकूण रक्ताच्या जवळपास चार-पंचमांश रक्त आईकडे गेलं. हे एका झटक्यात गेलं असतं तर बाळ जिवंत जन्मालाच आलं नसतं. ते जन्मलं आणि रडलंही, याचा अर्थ रक्त टप्प्याटप्प्यानं, काही दिवस किंवा काही आठवडे झिरपत होतं. मधल्या काळात बाळानं पाणी भरून रक्ताचं आकारमान सांभाळलं आणि नव्या पेशीही तयार केल्या. ६.८ हे हिमोग्लोबिन या हिशेबात बसतं. म्हणून पहिल्या दिवशीच्या नमुन्यात रेटिक्युलोसाइट (नुकत्याच तयार झालेल्या लाल पेशी) आणि केंद्रक असलेल्या लाल पेशी किती होत्या, ते आधी बघा. त्या भरपूर असतील तर गर्भाच्या अस्थिमज्जेला कामाला लागायला वेळ मिळाला होता. यकृत आणि प्लीहा वाढलेली असेल तर आणखी एक दुजोरा. या पेशी नेहमीइतक्याच असतील तर माझी चिंता वाढेल, कारण मग मोठा स्राव अगदी अलीकडचा असण्याची शक्यता बळावते.

आता आकड्यावर किती भरवसा ठेवायचा. क्लायहाउअर, ब्राउन आणि बेटके यांनी १९५७ साली मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरली जाते. काचेवरचा रक्ताचा थर आम्ल द्रावणातून काढला की प्रौढ हिमोग्लोबिन विरघळून निघून जातं आणि आईच्या पेशींची नुसती फिकट कडा उरते. गर्भाचं हिमोग्लोबिन टिकतं, म्हणून त्याच्या पेशी गडद गुलाबी राहतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्या फिकट गर्दीत गर्भाच्या पेशी चटकन उठून दिसतात. अडचण येते ती मधल्या छटांची. गरोदरपणात आईच्या स्वतःच्या काही पेशींतही थोडं गर्भीय हिमोग्लोबिन तयार होतं, आणि त्या अर्धवट गुलाबी दिसतात. त्यांना मोजायचं की सोडायचं हे तंत्रज्ञाच्या नजरेवर असतं. आईला थॅलॅसेमिया मायनर, सिकल सेल किंवा गर्भीय हिमोग्लोबिन आयुष्यभर टिकण्याची आनुवंशिक प्रवृत्ती असेल तर आकडा फुगतो. थर जाड-पातळ असेल तरी मोजणी बदलते. शिवाय ५ लीटर हे गृहीतक लहानखुऱ्या बाईला जास्त आणि मोठ्या बांध्याच्या बाईला कमी पडतं. फ्लो सायटोमेट्री (यंत्रानं पेशी मोजण्याची पद्धत) मिळाली तर जरूर करा. तिथे गर्भीय हिमोग्लोबिन असलेल्या आईच्या पेशी वेगळ्या काढता येतात.

उलट दिशेची चूक जास्त घातक. आई ओ गटाची आणि बाळ ए किंवा बी गटाचं असेल तर आईच्या प्रतिपिंडांमुळे बाळाच्या पेशी झपाट्यानं नष्ट होतात. मग मोठा रक्तस्राव होऊनही तपासणी जवळजवळ कोरी येऊ शकते. अशा वेळी निगेटिव्ह अहवालावर विसंबून ‘फीटोमॅटर्नल हेमरेज (बाळाचं रक्त आईकडे जाणं) नाही’ असं कुणी लिहू नये. तुमच्या केसमध्ये दोघांचा गट एकच आहे, त्यामुळे ही भीती नाही. पण त्यातून दुसरी गोष्ट निघते. गट जुळत असला की बाळाच्या पेशी आईच्या रक्तात अनेक आठवडे फिरत राहतात. ते ५ टक्के कालचे की महिन्याभराची बेरीज, हे काच सांगू शकत नाही.

आकडा वापरायचाच तर बाळाच्या वजनाला भागून वापरा. २००७ साली फ्रान्समधून आलेल्या एका अभ्यासात किलोमागे २० मिलीलीटर ही रेषा पुढे आली. तिच्या वर गर्भमृत्यू, मुदतीआधी करावी लागलेली प्रसूती, एनआयसीयूत दाखल होणं आणि रक्त चढवावं लागणं ठळकपणे वाढलं होतं. त्याच अभ्यासात वाचलेल्या बाळांमध्ये पुढे मेंदूचं कायमचं व्यंग मात्र दिसलं नाही. बाळांची संख्या लहान होती हे ध्यानात ठेवा, पण दिशा महत्त्वाची आहे. मिलीलीटरचा आकडा जन्माच्या आसपासचा धोका सांगतो, दुसरीतल्या मुलाचं वाचन सांगत नाही. तुमच्या बाळाचा हिशेब किलोमागे ८९ मिलीलीटर येतो. ऐकणाऱ्याला तो भयंकर वाटेल. पण वर सांगितलं तसं, तो आकडा इतका मोठा असूनही बाळ जिवंत आहे, हेच हळूहळू झालेल्या स्रावाचं लक्षण आहे.

हिमोग्लोबिनचं तसंच. जन्मताना ते ५ ग्रॅमच्या खाली असलेल्या बाळांमध्ये मृत्यू, मेंदूतला रक्तस्राव आणि मेंदूला इजा यांचं प्रमाण बरंच जास्त असतं, हे प्रसिद्ध झालेल्या मालिकांतून दिसतं. ५ ते ७ या पट्ट्यात चित्र संमिश्र असतं. तुमचं बाळ तिथे आहे, आणि तिथे बाकीच्या गोष्टी निर्णायक ठरतात. एक इशारा मात्र देतो. स्राव ताजा असेल तर पहिलं हिमोग्लोबिन फसवं असतं. रक्त नुकतंच गेलं आहे, पातळ व्हायला वेळच मिळालेला नाही, त्यामुळे १२ किंवा १३ असा बरा वाटणारा आकडा येतो आणि काही तासांनी ८ होतो. पांढरं पडलेलं, धाप लागलेलं, नाडी जलद आणि रक्तदाब खाली असलेलं बाळ आणि ‘ठीक’ हिमोग्लोबिन ही जोडी दिसली तर आकडा बाजूला ठेवून बाळावर विश्वास ठेवा. चार ते सहा तासांनी तपासणी पुन्हा करा.

आता जन्मापूर्वीच्या खुणांकडे वळू. हालचाल कमी होणं ही सगळ्यात जास्त आढळणारी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित होणारी खूण आहे. पुष्कळदा तीच एकमेव असते. पोटात दुखत नाही, रक्तस्राव बाहेर दिसत नाही, पोटावर मार लागलेला नसतो. भाकीत करताना मला हालचाल किती दिवस मंद होती आणि पूर्ण थांबली होती का, हे दोन्ही जाणून घ्यायचं असतं. दोन-तीन दिवस कमी पण चालू, आणि चोवीस तास पूर्ण शांतता, या दोन फार वेगळ्या कथा आहेत. आईला हे पुन्हा शांतपणे विचारा. सिझरच्या गडबडीत घेतलेला इतिहास बहुतेक वेळा अपुरा असतो.

सायनुसॉइडल ट्रेस म्हणजे मिनिटाला ३ ते ५ वेळा येणारी एकसारखी, गुळगुळीत लाट, साधारण ५ ते १५ ठोक्यांच्या उंचीची, वीस मिनिटं किंवा जास्त टिकणारी, आणि तिच्यात नेहमीची बारीक चंचलता अजिबात नाही. ती दिसली की रक्तक्षय गंभीर आहे हे कळतं, पण इजा झाली आहे का हे ती सांगत नाही. तशा ट्रेसनंतर पूर्ण निरोगी वाढलेली मुलं मी पाहिली आहेत. पुढचा निकाल ट्रेस दिसल्यापासून बाळ बाहेर येईपर्यंतच्या वेळेशी जास्त जोडलेला असतो. ती वेळ तुमच्या नोंदीत मिनिटांसह असायला हवी. सोनोग्राफीत सर्वांगाला सूज, म्हणजे हायड्रॉप्स होता का? असेल तर हृदय थकण्याच्या टप्प्यावर पोचलं होतं आणि माझा अंदाज एक पायरी खाली येतो. मिडल सेरेब्रल आर्टरीचा, म्हणजे मेंदूच्या एका धमनीचा, डॉप्लर (रक्तप्रवाहाचा वेग मोजणारी सोनोग्राफी) झाला असेल आणि सर्वोच्च वेग त्या आठवड्याच्या मध्यकाच्या १.५ पटीच्या वर असेल तर मध्यम ते तीव्र रक्तक्षय पक्का धरता येतो. ही मर्यादा २००० साली मुख्यतः आरएच विसंगतीच्या (आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह) गर्भांवर ठरली, पण इथेही उपयोगी पडते. गर्भ बराच लहान असेल तर याच डॉप्लरच्या आधारे पोटातच रक्त देण्याचा विचार करता येतो, कारण तिथे मुदतीआधीच्या जन्माचा धोकाही तितकाच मोठा असतो. ३७ आठवड्यांना तो प्रश्नच नव्हता. तुमच्या सहकाऱ्यांनी वेळ न घालवता बाळ बाहेर काढलं, हेच योग्य होतं.

पण आईवडिलांना आज काही सांगायचं असेल तर माझा हात सगळ्यात आधी दोन कागदांकडे जाईल: नाळेच्या रक्ताचा गॅस अहवाल आणि पहिल्या सहा तासांची मेंदूची तपासणी. पीएच ७.० किंवा खाली, बेस डेफिसिट (रक्तातल्या आम्लतेचं आणखी एक माप) १६ किंवा जास्त, असं काही असेल तर ऊतींना प्राणवायू कमी पडला हे नक्की. रक्तक्षयातल्या बाळात लॅक्टेट विशेष बोलकं असतं. प्राणवायू वाहून नेणाऱ्या पेशीच नाहीत, म्हणून साखर अर्धवट जळते आणि लॅक्टेट साठतं. पहिल्या आकड्याइतकीच त्याची पुढची वाट महत्त्वाची. रक्त दिल्यावर ते सहा-आठ तासांत भराभर उतरलं तर छान. रक्तदाब आणि हिमोग्लोबिन सुधारूनही लॅक्टेट वर राहिलं तर हृदय, यकृत किंवा आणखी कुठला अवयव दुखावलेला आहे का ते शोधा.

मेंदूची तपासणी एकदाच करून थांबू नका. जागेपणा, स्नायूंचा ताण, चोखण्याची आणि मोरोची (दचकण्याची) प्रतिक्रिया, डोळ्यांच्या बाहुल्या, श्वासाची लय, दर तासाला. बाळ रडलं म्हणून मेंदू सुखरूप, असा निष्कर्ष काढण्याची घाई बऱ्याच ठिकाणी होते आणि थंड ठेवण्याचा उपचार सुरू करण्याची सहा तासांची खिडकी हातची निघून जाते. मध्यम किंवा तीव्र एन्सेफॅलोपॅथी (मेंदूचं काम बिघडणं) दिसली आणि बाकीचे निकष बसले तर ७२ तास ३३.५ अंशांवर थंड ठेवण्याचा उपचार नेहमीप्रमाणेच द्यावा. फक्त या बाळांत फुप्फुसातला रक्तदाब वाढणं आणि प्लेटलेट कमी होणं ही दोन्ही संकटं आधीच जवळ असतात, म्हणून थंड करताना त्यांच्यावर दुप्पट लक्ष हवं. सहा तासांत बाळ सावध, नीट चोखणारं आणि एईईजीची (मेंदूच्या विद्युत लहरींच्या सततच्या आलेखाची) पार्श्वभूमी सामान्य असेल, तर हिमोग्लोबिन ६.८ असो की ४.५, माझा अंदाज लक्षणीय आशादायक होतो. या सगळ्या विषयात इतकं वजन मी दुसऱ्या कुठल्याही एका निरीक्षणाला देत नाही.

जाता जाता उपचाराबद्दल, कारण तोही निकाल बदलतो. आकारमान घटलेल्या, धक्क्यात गेलेल्या बाळाला ओ निगेटिव्ह रक्त किलोमागे १० मिलीलीटर, पाच-दहा मिनिटांत द्यावं, गरज पडल्यास पुन्हा. पण हळूहळू रक्त गेलेल्या बाळाचं आकारमान भरलेलं असतं आणि हृदय थकलेलं. तिथे घाईनं रक्त ओतलं तर हृदय आणखी बुडतं. रक्तदाब बरा असेल तर सावकाश, थोडं थोडं, किंवा अंशतः अदलाबदल करून (बाळाचं थोडं रक्त काढून त्या जागी) द्यावं. पहिलं रक्त देण्याआधी बाळाचा नमुना बाजूला काढून ठेवा. नंतर पार्व्होव्हायरस (रक्तक्षय करू शकणारा विषाणू), हिमोग्लोबिनचे प्रकार, कूम्ब्स (लाल पेशींवरची प्रतिपिंडं शोधणारी तपासणी) यांपैकी कशासाठी तरी तो लागतोच, आणि दात्याचं रक्त मिसळल्यावर काही तपासण्या निरर्थक होतात.

मेंदूची सोनोग्राफी पहिल्याच दिवशी करा. एखाद्याला हे जास्तीचं वाटेल, पण इथे त्याला खास कारण आहे. मेंदूच्या पांढऱ्या भागात पोकळ्या तयार व्हायला इजेनंतर दोन आठवड्यांच्या आसपास लागतात. जन्माच्या दिवशीच पोकळ्या दिसल्या तर इजा पोटात असताना, काही आठवड्यांपूर्वी झाली होती. त्याचा कुटुंबाला समजावताना फार उपयोग होतो. ‘सिझर लवकर केलं असतं तर’ हा प्रश्न त्यांना कित्येक वर्षं छळू शकतो. एमआरआय चौथ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान करा, डिफ्यूजनसह (ताजी इजा दाखवणाऱ्या प्रतिमांसह). बेसल गॅन्ग्लिया आणि थॅलॅमस हे मेंदूच्या खोलातले भाग स्वच्छ असतील आणि इंटर्नल कॅप्सूलच्या (हालचालींचे तंतू जातात त्या पट्ट्याच्या) मागच्या भागातला सिग्नल सामान्य असेल तर हातापायांच्या हालचालींबाबत मी बऱ्यापैकी निश्चिंत होतो. रक्तदाब कमी राहिलेल्या बाळांत दोन धमन्यांच्या सीमेवरचे भाग दुखावतात. त्याचे परिणाम चालण्यापेक्षा भाषा, लक्ष आणि वर्तन यांत, आणि तेही उशिरा दिसतात. एक वर्षाचं मूल चालायला लागलं म्हणून अशा मुलाचा पाठपुरावा बंद करणं मला पटत नाही.

मुदतीआधी जन्मलेल्या बाळात या सगळ्यावर मुदतपूर्वतेची सावली पडते. मेंदूतला रक्तस्राव, पांढऱ्या भागाची इजा, फुप्फुसांचा जुना आजार या गोष्टी तिथे स्वतंत्रपणे येतात, आणि कशामुळे काय झालं हे वेगळं काढता येत नाही. तुमच्या बाळाला ३७ आठवड्यांचा मोठा फायदा आहे.

प्रसिद्ध साहित्य वाचताना एक भान ठेवा. या विषयातला बराच मजकूर एकेका केसच्या वृत्तान्तांचा आहे आणि वृत्तान्त लिहिले जातात ते टोकाच्या केसचे. मृत बाळ, किंवा हिमोग्लोबिन २ असूनही सुखरूप बाळ. मधली, साधी, बरी झालेली बाळं कुणी छापत नाही, आणि काहींचं तर निदानच होत नाही. त्यामुळे रात्री फोनवर शोधून आईवडिलांनी वाचलेलं चित्र वस्तुस्थितीपेक्षा काळं असतं. त्यांना हे स्पष्ट सांगा.

त्यांच्याशी बोलताना मी टप्पे ठरवून देतो. आज: ‘बाळाचं बरंच रक्त गेलं होतं, ते आपण भरून काढलं आहे. मेंदूला त्रास झाला का, याची पहिली कल्पना उद्यापर्यंत येईल.’ मग एमआरआयनंतर दुसरं बोलणं. तिसरं तीन महिन्यांनी, जेव्हा बाळाच्या बारीक, सतत चालणाऱ्या फिजेटी हालचाली पाहता येतात. त्या स्पष्ट असतील तर सेरेब्रल पाल्सीची शक्यता खूप कमी होते. दीड ते दोन वर्षांच्या दरम्यान बेलीसारखी विकास चाचणी, आणि शाळेत जाण्यापूर्वी आणखी एकदा. श्रवण आणि दृष्टीची तपासणी यात धरलेलीच आहे. टक्केवारी मागितली तर मी देत नाही, कारण या बाळाला लागू पडेल अशी टक्केवारी अस्तित्वात नाही. पण उत्तर टाळतही नाही. तुमच्या बाळाबाबत, गॅस अहवाल आणि सहा तासांची तपासणी चांगली असेल तर, ‘आम्हाला चांगलं होईल अशी अपेक्षा आहे आणि आम्ही पाहत राहणार आहोत’ हे मी मोकळेपणानं म्हणेन.

आईला वेगळं भेटा. ‘माझ्याच अंगात माझ्या बाळाचं रक्त गेलं’ हे वाक्य तिच्या मनात घर करून बसतं, ती बोलत नसली तरी. बहुतेक केसमध्ये कुठलंही कारण सापडत नाही. तिनं उचललेली बादली, केलेला प्रवास, झोपायची कूस, यातल्या कशाचाही दोष नाही, हे तिला तिच्यासमोर बसून सांगा, आणि नवऱ्याच्या व सासूच्या देखतही सांगा. हालचाल कमी वाटली म्हणून ती आली, म्हणून बाळ वाचलं, हेही खरं आहे आणि ते तिला कुणीतरी म्हणायला हवं. वार पॅथॉलॉजीकडे गेली का पाहा. कोरिअँजिओमा (वारेतली रक्तवाहिन्यांची साधी गाठ) किंवा, अगदी क्वचित, वारेतला कोरिओकार्सिनोमा (कर्करोग) निघतो, आणि तो निघाला तर आई आणि बाळ दोघांचीही तपासणी लागते. पुढच्या गरोदरपणात पुन्हा असं होणं दुर्मिळ आहे, पण झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून पुढच्या वेळी तिनं हालचालींवर लक्ष ठेवावं आणि डॉप्लर करून घ्यावा. ही आई आरएच पॉझिटिव्ह आहे. निगेटिव्ह असती तर अँटी-डीची (आईत बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊ नयेत म्हणून देतात ते इंजेक्शन) ३०० मायक्रोग्रॅमची एक मात्रा गर्भाच्या ३० मिलीलीटर रक्तापुरतीच असते, म्हणजे २५० मिलीलीटरसाठी आठ आणि वर एक, अशा नऊ मात्रा ७२ तासांत लागल्या असत्या. नेहमीची एकच देऊन मोकळं होण्याची चूक इथे सहज घडते.

शेवटी लोहाकडे या, कारण ही गोष्ट तुमच्या हातात आहे आणि डिस्चार्जच्या कागदावर ती हमखास राहून जाते. लाल पेशी फुटल्यामुळे रक्तक्षय झाला तर लोह बाळाच्या शरीरातच राहतं. इथे ते रक्ताबरोबर बाहेर गेलं आहे. १ ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. गेलेल्या २५० मिलीलीटरमध्ये सरासरी १० ग्रॅमनं २५ ग्रॅम हिमोग्लोबिन धरलं तर ८५ मिलिग्रॅम लोह गेलं. पूर्ण मुदतीच्या बाळात किलोमागे साधारण ७५ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे या बाळाकडे २१० असायला हवं होतं. वारेतून काही भरून निघालं असेल, चढवलेल्या रक्तातून काही परत आलं, पण साठा किती उरला हे गृहीत धरू नका. पहिल्या सहा महिन्यांतली लोहाची कमतरता स्वतःच विकासाला मागे खेचते, आणि मग दोन वर्षांच्या चाचणीत दिसलेली उणीव रक्तस्रावाची की लोहाची हे कुणालाच सांगता येत नाही. डिस्चार्जपूर्वी फेरिटिन (लोहाच्या साठ्याची तपासणी) करा, शेवटचं रक्त कधी आणि किती दिलं हे लिहा, लोहाचे थेंब कधी सुरू करायचे ती तारीख कागदावर टाका, आणि दोन व चार महिन्यांच्या भेटीत फेरिटिन व हिमोग्लोबिन पुन्हा पाहा.